तीव्र एंडोमेट्रिओसिस: निदान आणि उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांनी ‘स्टेज फोर’ किंवा ‘सिव्हिअर’ असे लिहून दिले आहे. त्याचा नेमका अर्थ काय?

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात आणि पाळीच्या चक्राबरोबर त्यांच्यातही सूज व रक्तस्राव होतो. त्यातून आजूबाजूच्या अवयवांवर व्रण तयार होतात आणि ते अवयव एकमेकांना चिकटतात. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळपास 19 कोटी जणींना तो असतो. त्यांतील बहुतेकींचा आजार सौम्य किंवा मध्यम स्वरूपाचा असतो आणि थोड्याच जणींचा तीव्र टप्प्यापर्यंत जातो.

‘स्टेज’ ठरवण्याची जुनी पद्धत अमेरिकेतील प्रजननवैद्यक संस्थेची आहे. शस्त्रक्रियेत जे दिसते त्याला गुण दिले जातात: 1 ते 5 गुण म्हणजे पहिला टप्पा, 6 ते 15 दुसरा, 16 ते 40 तिसरा आणि 40 च्या वर चौथा. बीजांडकोशातील गाठी, ज्यांना रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, आणि चिकटलेले अवयव यांना या पद्धतीत भरपूर गुण मिळतात. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली पोकळी पूर्ण बंद झाली असेल, तर त्या एकाच गोष्टीचे 40 गुण होतात. मात्र आतडे, मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीत आजार किती खोल उतरला आहे, हे या गुणांतून नीट कळत नाही. त्यासाठी ‘एन्झियन’ नावाची दुसरी वर्गवारी वापरली जाते आणि तीव्र आजारात शस्त्रक्रियेचे नियोजन करताना तीच जास्त उपयोगी पडते. त्यामुळे नुसता ‘स्टेज फोर’ हा शेरा ऐकून घाबरू नये आणि त्यावर समाधानही मानू नये. आजार कोणत्या अवयवात, किती खोल आणि किती लांबीचा आहे, हे विचारून घ्यावे.

वेदना जितकी जास्त, तितका आजार जास्त, असे असते का?

नाही. पोटातील पडद्यावर मोजके ठिपके असलेली मुलगी दर महिन्याला अंथरुणाला खिळू शकते, आणि दोन्ही बाजूंना मोठ्या चॉकलेट सिस्ट असलेल्या स्त्रीचे निदान केवळ मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत होऊ शकते. वेदनेचे प्रमाण टप्प्यावर नव्हे, तर आजाराची जागा, त्याची खोली आणि मज्जातंतूंशी असलेली त्याची जवळीक यांवर जास्त अवलंबून असते.

म्हणून ‘किती दुखते’ याबरोबर ‘कुठे आणि कधी दुखते’ हेही डॉक्टरांना नेमके सांगायला हवे. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखी कळ येणे, शरीरसंबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणे, पाळीतच लघवीला जळजळ होणे किंवा लघवीतून रक्त जाणे, पाळीबरोबर उजवा खांदा दुखणे, या प्रत्येक लक्षणामागे वेगवेगळा अवयव असू शकतो. खांद्याचे दुखणे रुग्ण स्वतःहून क्वचितच सांगतात, कारण पाळीचा आणि खांद्याचा संबंध असेल असे कुणाला वाटत नाही. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर आजार असेल तर तो संबंध असतो. सिझेरियनच्या टाक्यांजवळ दर पाळीला दुखणारी, फुगणारी गाठ हासुद्धा एंडोमेट्रिओसिसचाच एक प्रकार आहे.

निदानाला इतकी वर्षे का लागतात?

जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंतचा सर्वसाधारण विलंब 4 ते 12 वर्षे असा सांगितला आहे. पाळीत दुखणारच, ही समजूत त्याला पहिल्यांदा कारणीभूत असते. आपल्याकडे ‘लग्न झाल्यावर कमी होईल’ आणि मग ‘एक मूल झाले की बरे वाटेल’ या सल्ल्यांत आणखी काही वर्षे निघून जातात. शाळा-कॉलेज बुडेल किंवा कामावर जाता येणार नाही इतकी वेदना नेहमीची नसते, आणि साध्या वेदनाशामक गोळीने ती थांबत नसेल तर पुढची तपासणी करायला हवी.

दुसरे कारण वैद्यकीय आहे. याची लक्षणे आतड्याच्या तक्रारी, लघवीचा संसर्ग, अपेंडिक्स यांच्यासारखी वाटतात. भारतात तर जननमार्गाचा क्षयरोगही लक्षात घ्यावा लागतो, कारण त्यातही ओटीपोटातले अवयव चिकटतात, गाठी दिसतात आणि वंध्यत्व येते. या दोहोंपैकी काय आहे हे ठरवण्यासाठी शक्य तिथे पेशींचा किंवा जंतूंचा पुरावा मिळवावा. नुसत्या संशयावर क्षयरोगाची औषधे सुरू करून सहा महिने वाट पाहणे योग्य नाही.

सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली. मग हा आजार नाही, असे समजायचे का?

असे समजू नये. पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी बीजांडकोशातील गाठ दाखवते, पण खोलवरचा आजार तिच्यात बहुधा सुटतो. योनीमार्गातून केलेली आणि खास एंडोमेट्रिओसिस शोधण्यासाठी केलेली सोनोग्राफी ही वेगळी तपासणी आहे.

अनुभवी सोनोलॉजिस्ट त्यात काय पाहतात, हे माहीत असलेले बरे. गाठीतील द्रव दुधी काचेसारखा एकसारखा धूसर दिसतो का, दोन्ही बीजांडकोश गर्भाशयामागे एकमेकांना चिकटून आले आहेत का, हे आधी पाहिले जाते. मग प्रोबने हलका दाब देऊन, दुसरा हात ओटीपोटावर ठेवून, गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवरून आतडे मोकळेपणाने सरकते का ते तपासले जाते. सरकत नसेल, तर मधली पोकळी चिकटून बंद झाल्याची दाट शक्यता असते. प्रोबचा दाब नेमका कुठे दुखतो, हेही विचारले जाते. त्यानंतर गुदाशयाच्या भिंतीतील जाड पट्टे, मूत्राशय, मूत्रवाहिन्या आणि दोन्ही मूत्रपिंडे पाहिली जातात. या सगळ्याला वेळ लागतो. पाच मिनिटांत उरकलेल्या तपासणीचा अहवाल खोलवरचा आजार नसल्याचा पुरावा ठरत नाही.

अविवाहित मुलींमध्ये योनीमार्गातून तपासणी बहुधा टाळली जाते. अशा वेळी एमआरआय किंवा संमतीने गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी हे पर्याय आहेत. ‘लग्नानंतर पाहू’ हा पर्याय नाही.

एमआरआय कधी लागतो?

आतडे, मूत्रवाहिनी, ओटीपोटातील मज्जातंतू किंवा छातीचा पडदा यांत आजार असल्याचा संशय असेल, किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरत असेल, तेव्हा. मात्र एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला या आजाराचा सराव असावा लागतो आणि काय शोधायचे आहे हे चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेले असावे लागते. एमआरआय आणि सोनोग्राफी दोन्ही स्वच्छ आल्या तरी पोटातील पडद्यावरचा वरवरचा आजार असू शकतो.

रक्तातील सीए-125 वाढले आहे. त्यावरून निदान होते का?

होत नाही. सीए-125 हे रक्तातील एक प्रथिन आहे. त्याचे प्रमाण पाळीत, गर्भारपणात, फायब्रॉइडमध्ये, क्षयरोगात आणि इतर अनेक कारणांनी वाढते, आणि एंडोमेट्रिओसिस असूनही ते नॉर्मल असू शकते. युरोपातील प्रजननवैद्यक संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी ही चाचणी वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. वाढलेला आकडा पाहून कर्करोगाच्या भीतीने घाईने शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत.

फक्त निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

पूर्वी लॅप्रोस्कोपीशिवाय निदान पक्के होत नाही असे मानले जाई. 2022 च्या त्याच सूचनांनी हा आग्रह सोडला. तपासण्यांत काहीच दिसत नाही आणि औषधांनीही उपयोग होत नाही, किंवा औषधे देणे योग्य नाही, अशा वेळी लॅप्रोस्कोपीचा विचार करावा, असे आता मानले जाते.

तीव्र आजारात तर ‘आधी आत दुर्बीण घालून पाहू, मग ठरवू’ हा मार्ग बहुतेकदा तोट्याचा ठरतो. पोट उघडल्यावर आतडे चिकटलेले दिसते, आतड्याचे सर्जन हजर नसतात, जमेल तेवढी गाठ फोडून शस्त्रक्रिया आटोपती घेतली जाते आणि खरा आजार तसाच राहतो. दुसऱ्या वेळी तेच पोट उघडताना चिकटलेले थर अधिक असतात, धोका वाढलेला असतो आणि बीजांडकोशातील बीजे कमी झालेली असतात. नकाशा आधी, शस्त्रक्रिया नंतर, आणि शक्यतो पहिलीच शस्त्रक्रिया पुरेशी, हे तीव्र आजाराच्या उपचारातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

मूत्रपिंडाची तपासणी का करायला सांगतात? मला लघवीचा काहीच त्रास नाही.

त्रास नाही म्हणूनच. खोलवरचा आजार मूत्रवाहिनीला बाहेरून आवळत जातो, मूत्रपिंडातील लघवी तुंबते आणि किडनीला सूज येते. हे हळूहळू घडल्यामुळे पुष्कळदा अजिबात दुखत नाही. काही रुग्णांचे मूत्रपिंड निकामी झाल्यावरच ते लक्षात येते. त्यामुळे खोलवरचा आजार आढळल्यास दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावीच. ती स्वस्त आहे आणि पोटावरूनच होते. सूज आढळली तर औषधांवर वर्षभर वाट पाहण्याची ही वेळ नसते. बहुतेकदा मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून किंवा शस्त्रक्रियेने अडथळा दूर करावा लागतो.

औषधांनी आजार बरा होतो का?

औषधे आजार दाबून ठेवतात, तो मुळापासून काढत नाहीत. चिकटलेले अवयव गोळीने सुटत नाहीत. तरीही ज्यांना सध्या मूल नको आहे आणि ज्यांच्या आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला अडथळा नाही, अशा अनेक स्त्रियांना औषधांवर वर्षानुवर्षे चांगले आयुष्य जगता येते. त्यामुळे औषधोपचाराला दुय्यम समजू नये.

भारतात सध्या सर्वाधिक वापरली जाणारी गोळी डायनोजेस्ट ही आहे. ती रोज 2 मिलिग्रॅम, खंड न पाडता घ्यायची असते. पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून रक्तस्राव होतो. काही जणींना डोकेदुखी होते किंवा मन खचल्यासारखे वाटते. मन खचण्याचा त्रास लपवू नये, कारण त्यासाठी औषध बदलता येते. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून दिली जात नाही. त्यामुळे डायनोजेस्ट घेताना गर्भनिरोधासाठी निरोधसारखे हार्मोनविरहित साधन वापरावे. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सलग घेणे हा दुसरा मार्ग आहे. गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनचे साधन, म्हणजे मिरेनासारखे, हा तिसरा. साधी तांबी आणि हे साधन एकच नव्हे. तांब्याच्या साधनाने रक्तस्राव आणि दुखणे उलट वाढू शकते.

ल्युप्रोलाइडची इंजेक्शने, महिन्याला 3.75 मिलिग्रॅम किंवा तीन महिन्यांना 11.25 मिलिग्रॅम, शरीराला तात्पुरत्या रजोनिवृत्तीत नेतात. वेदना कमी होते, पण अंगात गरम वाफा येतात, झोप उडते आणि हाडांची घनता घटते. म्हणून त्यांच्याबरोबर थोड्या प्रमाणात हार्मोनची जोड-गोळी द्यावी लागते. तरुण मुलींत ही इंजेक्शने फार जपून वापरावीत. एकेकाळी सर्रास दिले जाणारे डॅनाझोल आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर केस येणे अशा त्रासांमुळे आता मागे पडले आहे.

शस्त्रक्रिया केव्हा करावीच लागते?

आतडे अडले असेल, मूत्रवाहिनीमुळे किडनी धोक्यात असेल किंवा गाठ कर्करोगाची असल्याचा संशय असेल, तर पर्याय नसतो. याखेरीज औषधांनी न शमणारी किंवा औषधे सोसत नसल्यामुळे अनावर झालेली वेदना, हे सर्वांत सामान्य कारण आहे. सोनोग्राफीत दिसते म्हणून, पण काहीच त्रास नाही, अशा खोलवरच्या आजारावर केवळ ‘दिसते म्हणून’ शस्त्रक्रिया करणे सहसा योग्य नसते. अशा रुग्णांना किडनीसह ठरावीक काळाने तपासत राहणे पुरते.

आतड्यावरची शस्त्रक्रिया म्हणजे काय? पोटावर पिशवी लावावी लागेल का?

आजार आतड्याच्या भिंतीत किती उतरला आहे यावर तीन मार्ग असतात. आजार बाह्य थरापुरता असेल तर तो तासून काढला जातो. एकच, लहान पण खोल गाठ असेल तर भिंतीचा तेवढाच वर्तुळाकार तुकडा काढून शिवतात. गाठ मोठी असेल, एकाहून अधिक गाठी असतील किंवा आतडे अरुंद झाले असेल, तर तो भाग कापून दोन टोके जोडतात. तिसऱ्या मार्गात जोड गळण्याचा, आणि गुदाशय व योनी यांच्यात छिद्र पडण्याचा धोका अधिक असतो. जोड फार खाली, गुदद्वाराजवळ असेल तर तो भरून येईपर्यंत काही आठवडे किंवा महिने पोटावर शौचाची पिशवी ठेवावी लागू शकते. बहुसंख्य रुग्णांना ती लागत नाही, पण तिची शक्यता भूल देण्याआधीच सांगितलेली असायला हवी.

लघवीच्या मज्जातंतूंचा प्रश्नही याच शस्त्रक्रियेत येतो. हे बारीक तंतू गुदाशयाच्या दोन्ही बाजूंनी जातात. ते दुखावले तर लघवी पूर्ण होत नाही आणि काही काळ स्वतः कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. तंतू वाचवून आजार काढण्याचे तंत्र आता रूढ झाले आहे. आपल्या सर्जनला त्याचा सराव आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

चॉकलेट सिस्ट सुईने रिकामी करून चालणार नाही का?

नुसती रिकामी केलेली गाठ बहुतेकदा पुन्हा भरते, शिवाय संसर्गाचा धोका असतो. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर गाठीचे आवरण सोलून काढणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. पण आवरणाबरोबर निरोगी बीजांडकोशाचा थरही थोडाफार निघतो, आणि गाठी दोन्ही बाजूंना असतील तर हे नुकसान दुप्पट होते. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेआधी एएमएच ही बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी करावी आणि बीजे गोठवून ठेवण्याविषयी वंध्यत्वतज्ज्ञांशी बोलावे. त्याच बाजूची गाठ दुसऱ्यांदा काढायची असेल तर हे बोलणे अधिकच आवश्यक आहे.

मला मूल हवे आहे. आधी शस्त्रक्रिया की आधी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी)?

सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. वय, एएमएच, जोडीदाराची वीर्यतपासणी, बीजवाहिन्यांची स्थिती आणि वेदना यांवर ते ठरते. वेदना फारशी नाही, वय पस्तिशीच्या पुढे आहे आणि बीजे कमी आहेत, तर बहुधा आधी आयव्हीएफ. केवळ आयव्हीएफचे यश वाढेल या आशेने प्रत्येक चॉकलेट सिस्ट काढण्याची शिफारस आता केली जात नाही. वय कमी असेल आणि वेदना असह्य असेल तर शस्त्रक्रिया आधी होऊ शकते, आणि शस्त्रक्रियेनंतर 0 ते 10 गुणांच्या एका निर्देशांकावरून नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता अजमावता येते.

दोन गोष्टी मात्र निश्चित आहेत. मूल हवे असताना ‘आधी सहा महिने आजार दाबू’ म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढत नाही, त्या काळात फक्त वय वाढते. आणि गर्भारपण हा या आजाराचा उपचार नाही. नऊ महिने पाळी नसल्याने बरे वाटते, नंतर त्रास परत येऊ शकतो. आजार बरा व्हावा म्हणून मूल होऊ द्या, हा सल्ला कुणीही देऊ नये.

गर्भपिशवी काढून टाकली की प्रश्न संपेल ना?

नेहमी नाही. आजार गर्भाशयाबाहेर असतो. पिशवी काढली आणि आतड्यावरचा, अस्थिबंधांमधला आजार तसाच ठेवला, तर वेदनाही राहते. गर्भाशयाच्या स्नायूतही आजार असेल, म्हणजे सोबत ॲडेनोमायोसिस असेल, मूल नको असेल आणि इतर उपाय थकले असतील, तर पिशवी काढण्याला अर्थ आहे; मात्र त्याच शस्त्रक्रियेत दिसणारा बाकीचा आजारही काढायला हवा.

ओटीपोटातील कोणत्याही दुखण्यावर ‘पिशवी काढा’ हे उत्तर महाराष्ट्रात किती सहज दिले जाते, हे 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली तेव्हा सगळ्यांसमोर आले. कमी वयात दोन्ही बीजांडकोशही काढले, तर हाडे आणि हृदय यांवर परिणाम होतो. अशा वेळी नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन घ्यावे लागतात, आणि तीव्र एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीला पिशवी काढल्यावरही केवळ इस्ट्रोजेन न देता प्रोजेस्टोजेनसह देणे अधिक सुरक्षित मानले जाते.

शस्त्रक्रियेनंतर आजार परत येतो का?

येऊ शकतो. मागे राहिलेला आजार आणि नव्याने झालेला आजार यांत फरक करणे अवघड असते. ज्यांना लगेच मूल नको आहे त्यांनी शस्त्रक्रियेनंतर हार्मोनचे औषध किंवा गर्भाशयातील साधन किमान 18 ते 24 महिने, आणि सोसत असेल तर त्याहून जास्त काळ, चालू ठेवावे. त्याने वेदना आणि गाठी परतण्याचे प्रमाण घटते. ‘ऑपरेशन झाले, आता गोळ्या कशाला’ असे म्हणून औषध बंद करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

वेदना परत आली म्हणजे आजार परत आला, असेही नाही. अनेक वर्षे दुखल्याने कंबरेखालचे स्नायू कायम आखडलेले राहतात आणि मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते. त्यावर दुसरी शस्त्रक्रिया उपयोगी पडत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि वेदनातज्ज्ञांची औषधे उपयोगी पडतात.

यातून कर्करोग होतो का?

एंडोमेट्रिओसिस हा कर्करोग नाही. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका मात्र काहीसा वाढतो. अमेरिकेतील उटाह राज्यातील स्त्रियांचा 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की खोलवरचा आजार किंवा चॉकलेट सिस्ट असलेल्या गटात हा धोका आजार नसलेल्या स्त्रियांच्या सुमारे 9.7 पट होता. बातम्यांत हाच आकडा गाजला. एकूण एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांचा विचार केला तर दर 10,000 जणींमागे सुमारे 10 रुग्ण जास्त, इतकी ही वाढ आहे. त्यामुळे भीतीपोटी बीजांडकोश काढू नयेत. गाठ झपाट्याने वाढली, तिच्यात रक्तपुरवठा असलेला घन भाग दिसला किंवा रजोनिवृत्तीनंतर ती नव्याने आढळली, तर मात्र उशीर करू नये.

खर्चाचे आणि विम्याचे काय?

अनेक आरोग्य विमा पॉलिसींत या आजारासाठी ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून तारीख ठरवण्याआधी पॉलिसीतील ते कलम वाचावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमकी आपली शस्त्रक्रिया बसते का, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून तपासून घ्यावे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोग, पोटविकार आणि मूत्ररोग असे तिन्ही विभाग एकाच आवारात असतात, आणि तीव्र आजारात ही मोठी सोय आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर कोणती कागदपत्रे घ्यावीत?

आधी: सोनोग्राफी व एमआरआयचे अहवाल आणि त्यांच्या सीडी, आणि कोणकोणत्या अवयवांवर काम होऊ शकते ते मराठीत समजावून भरलेले संमतीपत्र. त्यावर फक्त ‘लॅप्रोस्कोपी’ एवढेच लिहिले असेल तर सही करण्यापूर्वी तपशील विचारावा. नंतर: काय दिसले, काय काढले, काय ठेवले आणि का ठेवले याची सविस्तर नोंद, आतील छायाचित्रे किंवा व्हिडिओ, आणि पॅथॉलॉजीचा अहवाल. डिस्चार्ज कार्डावरील दोन ओळींवरून पुढच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. सविस्तर नोंद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ती घरी जाण्याआधी मागितली तर सहज मिळते.